हजर शे का तो?

आबा आधी बोलत नसत, आधी पंजा उभा करत. उजवा हात, बोटं पसरलेली, तळव्यावर पंक्चरच्या सोल्युशनचे कधीच न निघणारे काळे डाग. समोरचा बोलता बोलता थांबला की मग शांतपणे विचारत, "हजर शे का तो?"

ज्याच्याविषयी बोलणं चाललंय तो माणूस तिथं हजर नसेल, तर आबांच्या लेखी विषय संपला. मग तो वॉर्डाचा नगरसेवक असो, समोरच्या गल्लीतली कुणाची सून असो, नाहीतर दिल्लीतला मंत्री असो. पिंप्राळ्यात आबांचं सायकलदुरुस्तीचं दुकान होतं आणि दुकानासमोर एक लांब बाकडं. बाकडं अगदी चौकात, येणारा-जाणारा प्रत्येक जण दिसेल असं. लोकांची उणीदुणी काढायला याहून चांगली जागा जळगावात सापडली नसती, आणि नेमकी तिथंच ती सोय नव्हती. एकदा आमच्यातला एक जण वैतागून म्हणाला, "आबा, मग माणसानं बोलायचं तरी कुणाविषयी?"

"तुनं सांग ना," आबा म्हणाले. "तू ते हजर शे."

तो उठून चहा प्यायला गेला. स्वतःविषयी सांगण्यासारखं त्याच्याकडे फारसं काही नसावं.

माझं मेडिकल स्टोअर आबांच्या दुकानाला लागूनच. मधली भिंत एवढी पातळ की तिकडे ट्यूबमधली हवा सुटली तरी इकडे ऐकू यायची. पण आबांची माझी ओळख दुकानांमुळे झालेली नाही, फुटबॉलमुळे झाली. जळगावच्या माणसाला फुटबॉलचं सांगितलं की तो आधी आपल्याकडे नीट बघतो. क्रिकेट सोडून इथे दुसरा खेळ असतो हेच अनेकांच्या गावी नाही. पण पिंप्राळ्यात आमची टीम होती, अजूनही आहे, आणि ती आबांच्या तरुणपणापासून आहे. काळ्या मातीचं रिकामं मैदान हे आमचं ग्राउंड. उन्हाळ्यात त्याला अशा भेगा पडत की जोरात मारलेला बॉल मध्येच अडकून थांबे आणि दोन्ही टीम त्याच्याभोवती उभ्या राहत. जर्सी पिवळी, कारण ती एका केळीच्या व्यापाऱ्यानं दिलेली. बाहेरगावच्या मॅचला जायचं ते त्याच्याच रिकाम्या टेम्पोतून. खाली केळीची वाळलेली पानं पसरलेली असत. त्या पानांवर लोळत आम्ही भुसावळ, वरणगाव, धुळं सगळं पाहिलं आणि बहुतेक ठिकाणी हरून आलो.

आबा त्या टीमचे पहिले कॅप्टन, मग कोच, मग नुसतेच आबा. बॉलच्या ब्लॅडरला पंक्चर झालं तर तेच काढायचे.

आता आमच्या टीमनं मोठं असं काही जिंकलेलं नाही. टीममधला सगळ्यात चांगला खेळाडू कोण, यावर वाद घालावा इतके चांगले खेळाडू आमच्याकडे कधी जमलेच नाहीत. त्यामुळे आम्ही पिढ्यान्पिढ्या वाद घालत आलो तो एकाच गोष्टीवर. टीमच्या इतिहासातला सगळ्यात वाईट खेळाडू कोण?

हा वाद वर्षातून एकदाच, भरीत पार्टीला. खानदेशात थंडी पडली की शेताशेतांतून भरीत पार्ट्या सुरू होतात हे तुम्हाला ठाऊक असेलच. आमची पार्टी आसोद्याकडे, टीमच्या एका जुन्या खेळाडूच्या मळ्यात. कपाशीच्या वाळक्या काट्या पेटवायच्या, त्यात हिरवी मोठी वांगी भाजायची, हात पोळत सोलायची, आणि लाकडाच्या बडगीत मिरची, लसणाबरोबर ठेचायची. सोबत कांद्याची पात आणि कळण्याच्या पुऱ्या. पानं वाढण्याआधी खटला उभा राहायचा. खटल्याचे नियम ठरलेले. आरोपी समोर बसलेला हवा. त्याला उत्तर द्यायची पूर्ण मुभा. शेवटी हात वर करून मतं, आणि जो जिंकेल, म्हणजे जो सर्वांत वाईट ठरेल, त्याला पहिलं पान. पोट भरेपर्यंत वाढणार आबा स्वतः.

मी त्या पहिल्या पानाचा मानकरी लागोपाठ दोनदा झालोय. माझा गुन्हा असा की मी गोल केला, शर्ट काढला आणि ग्राउंडभर पळत सुटलो. मला फुटबॉल खेळताना ना डावं-उजवं कळायचं ना शिट्टी ऐकू यायची. पंचांनी गोल आधीच रद्द केला होता आणि मी पळत होतो तेवढ्यात समोरच्यांनी आमच्यावर गोल चढवला. मी बचावात एवढंच म्हणालो की ऊन फार होतं. मतदान एकमुखी झालं.

आमचा एक फुलबॅक विमा एजंट आहे. त्याच्यावर आरोप होता की वरणगावच्या मॅचमध्ये समोरच्या फॉरवर्डला तो खेळता खेळता पॉलिसी समजावत होता. फॉरवर्ड याच्या बाजूनं दोनदा निघून गेला आणि दोन गोल झाले. एजंटचं म्हणणं, "पण त्यानं पॉलिसी घेतली ना?" आणखी एक जण मोज्यात मोबाइल खुपसून खेळायचा आणि कॉर्नरच्या वेळी बायकोचा फोन आला तर तो घ्यायचा. "ती परत लावत नाही, रागावते," हे त्याचं उत्तर. पोट दुखेपर्यंत हसायचो आम्ही. ज्याची सगळ्यात जास्त टिंगल व्हायची तो सगळ्यात जास्त हसायचा, कारण तो समोर असायचा आणि त्याला उलटून बोलता यायचं. आबांच्या नियमातली ही गंमत मला फार उशिरा कळली.

पण एक गोष्ट आम्ही सगळे जाणून होतो. खरा विजेता आमच्यात नव्हताच.

त्याचं नाव यशवंतनाना. हे नाव मी उघड लिहितोय, त्याचं कारण पुढे येईल. नाना म्हणजे आबांचे मावसभाऊ, पिंपळनेरचे. तरुणपणी जळगावात वेल्डिंगचं काम शिकायला आले आणि आबांच्या घरी राहिले. टीमच्या गोलकीपरचं लग्न झालं आणि त्याच्या सासऱ्यानं त्याला खेळणं बंद करायला लावलं, म्हणून आबांनी नानांना गोलमध्ये उभं केलं. टीम पहिल्यांदा आणि शेवटच्यांदाच फायनलला पोचली ती धुळ्याला. बरोबरीत मॅच, थोडा वेळ उरलेला. एक साधा, मरतुकडा बॉल घरंगळत गोलकडे आला. नाना वाकले, आणि मग काय झालं कुणास ठाऊक, हात मागे घेऊन सरळ उभे राहिले. बॉल खांबाला आतून लागला आणि आत गेला. धुळ्याचं सगळं ग्राउंड हसलं.

परतीच्या टेम्पोत नानांना नाव पडलं, चाळणी. ते नाव टेम्पोच्या आधी पिंप्राळ्यात पोचलं म्हणायला हरकत नाही. नाना सायकलवरून निघाले की पोरं ओरडायची. मीही ओरडलोय. तेव्हा माझं वय भिंतीवर चढून ओरडण्याचं होतं आणि ओरडायला इतका सोपा शब्द पुन्हा मिळाला नाही. त्याच सुमारास पिंप्राळ्यातच नानांची सोयरीक जुळत आली होती. मुलीच्या भावांना कळलं की हाच तो चाळणी. पाहुणे चहा पीत असताना आतल्या खोलीतून हसण्याचा आवाज आला म्हणे. सोयरीक मोडली. नाना वेल्डिंग अर्धवट टाकून पिंपळनेरला निघून गेले आणि परत म्हणून जळगावात आले नाहीत. आबांच्या मुलीच्या लग्नालाही नाही. कुणाबरोबर तरी साडी तेवढी पाठवली.

त्या वर्षीच्या भरीत पार्टीला कुणीतरी म्हणालं की आता वाद कशाला, सगळ्यात वाईट खेळाडू ठरलेलाच आहे. सगळ्यांनी माना डोलावल्या. तेव्हा आबांनी पहिल्यांदा पंजा उभा केला असं जुने लोक सांगतात. "हजर शे का तो? जो हजर नही, त्यानं नाव लेवानं नही."

तेव्हापासून तो नियम. नियम केला आणि मग तो आबांच्या अंगातच भिनला, खटल्यातून बाकड्यावर आला, बाकड्यावरून लग्नाच्या पंगतीत गेला. आम्हाला वाटायचं, मावसभावाची इज्जत राखतोय म्हातारा. कौतुकच वाटायचं.

आबांच्या आणखी दोन खोडी होत्या. जगातला कुठलाही कोच मैदानाच्या कडेला उभा राहतो. आमचे आबा गोलच्या मागे उभे राहत, आमच्याच. हाफटाइमला बाजू बदलली की छत्री बगलेत मारून चालत पलीकडच्या गोलमागे जात. गोल झाला की आमच्या कीपरपाशी सगळ्यांत आधी तेच पोचायचे आणि त्याच्या पाठीवर हात ठेवून म्हणायचे, "मनी चूक," म्हणजे माझी. कीपरच्या दोन पायांमधून बॉल गेला तरी "मनी चूक". आम्ही गोलच्या मागे जमून ते ऐकायचो आणि एकमेकांना चिमटे काढायचो.

दुसरी खोडी म्हणजे, आमच्या टीममध्ये 'सोड' म्हणायला बंदी होती. फुटबॉल खेळलेल्यांना हे विचित्र वाटेल. बॉल बाहेर जातोय असं दिसलं की मागून कुणीतरी कीपरला ओरडतंच, सोड! आमच्याकडे ते चालायचं नाही. नव्या खेळाडूनं चुकून तसं ओरडलं तर आबा त्याला त्याच मॅचमध्ये बाहेर काढायचे. "त्याना डोळा शेत ना? तो दखी, तो ठरावी," असं म्हणायचे. अपशकुन वगैरे मानत असतील असं समजून आम्ही ते सोडून दिलं होतं.

गेल्या वर्षी थंडी संपता संपता आबा माझ्या काउंटरला आले. बीपीच्या गोळ्या घेतल्या, पुडी खिशात टाकली, आणि तरी उभेच राहिले. चेहरा उतरला होता. पाय सुजायला लागले होते ते मला दिसत होतं.

"माले पिंपळनेरले जावानं शे," ते म्हणाले. "लई जाशी का?"

इतक्या वर्षांत त्यांनी माझ्याकडे काही मागितलं नव्हतं. रविवारी सकाळी मी गाडी काढली. आबांनी धुतलेलं धोतर नेसलं होतं आणि मांडीवर पिशवी. पिशवीत केळीचे वेफर्स. धुळ्यात शिरल्यावर म्हणाले, "जरा ग्राउंडवर घे."

ग्राउंडला आता तारेचं कुंपण आहे आणि कडेनं लोक सकाळचे फिरतात. एकच गोल उरलाय, त्याला जाळी नाही. आबा हळूहळू चालत त्या गोलपाशी गेले. खांबाला हात लावला. मला वाटलं, थकले असतील.

"तो आठे उभा व्हता," ते म्हणाले. "मी तठे." बोट दाखवलं ती जागा दहा पावलांवर असेल. "बॉल हळूच ई राह्यना व्हता. तो वाकना. त्याना हातमाच येता बॉल. माले वाटनं बाहेर जाई, कॉर्नर कसाले द्यावाना? मी म्हनं, सोड."

मी त्या दहा पावलांकडे बघितलं.

"मी कॅप्टन. मनं ऐकं त्यानी. बॉल सोडी दिना."

ते खांबाला धरून होते. बाजूनं एक बाई भराभर चालत गेली, तिच्या फोनवर भजन लागलं होतं.

"बॉल आत गया ते त्यानी मनाकडे दखं," आबा म्हणाले. "मी खाले दखं."

मग टेम्पोतलं सांगितलं. नानांची करंगळी त्या मॅचमध्ये मोडली होती, म्हणून त्यांना पुढे ड्रायव्हरशेजारी बसवलं होतं. मागे बाकी सगळे केळीच्या पानांवर. कुणी कुणाशी बोलत नव्हतं. आणि मग एक जण म्हणाला, "पण मागून कोणीतरी 'सोड' म्हणालं होतं ना?" दुसरा म्हणाला, "हो, मलाही ऐकू आलं." सगळे एकमेकांकडे बघायला लागले. अजून एक क्षण गेला असता तर नजरा आबांवर येऊन थांबल्या असत्या. तेव्हा आबा मोठ्यानं म्हणाले, "अरे चाळणी शे ती आपली! पानी थांबत नही, ते बॉल काय थांबी!"

टेम्पोत हशा फुटला. इतक्या वेळ तुंबलेलं होतं सगळ्यांचं, ते असं बाहेर पडलं. 'सोड' कोण म्हणालं हे पुन्हा कुणीही विचारलं नाही. केबिनच्या मागच्या बाजूला जाळीची छोटी खिडकी होती आणि ती उघडी होती. नानांचं डोकं त्या खिडकीतून दिसत होतं. "त्यानी मांगे वळीसन बी दखं नही," आबा म्हणाले. "घर उना, जेवना, झोपना. कोणले सांगं नही. कव्हयच नही."

मी आबांना गाडीत बसवलं. त्या पिकलेल्या माणसाची दया येत होती, आणि खरं सांगायचं तर रागही आला होता. ज्या माणसाला आम्ही सगळ्यांची इज्जत राखणारा समजत होतो तो इतकी वर्षं स्वतःचीच राखत होता. आणि तरी, गोलमागे उभा राहून प्रत्येक कीपरला 'मनी चूक' म्हणणारा हाच माणूस. दोन्ही खरं होतं. मला त्यांचा हिशेब जुळवता येईना, अजूनही येत नाही.

साक्री मागे पडली. पिंपळनेरची पाटी दिसली आणि आबांनी माझ्या हातावर हात ठेवला. "वळाव गाडी."

"आबा, आता आलोच की."

"रविवार शे. त्याना घरमा बठ्ठा व्हतीन. सुना, नातू. त्यास्ना समोर कसं सांगू मी?"

मी दुसऱ्यांदा आग्रह करायला हवा होता. म्हणायला हवं होतं की आबा, मी नानांना बाहेर बोलावतो, तुम्ही गाडीतच बसा. इतकं साधं होतं ते. पण मला संध्याकाळी दुकान उघडायचं होतं, आणि एवढ्या मोठ्या माणसाला दुसऱ्याच्या दारात रडताना पाहायची माझी तयारी नव्हती. मी गाडी वळवली. वेफर्सची पिशवी त्यांच्या मांडीवर तशीच होती. जळगाव जवळ आलं तेव्हा ते म्हणाले, "मी गया ते तू सांगजो. भरीतना दिनले. बठ्ठास्ना समोर. सगळ्यात वाईट गडी कोण, ते त्यास्ले सांगजो."

मी "हो" म्हटलं. गाडी चालवताना माणूस कशालाही हो म्हणतो.

चैत्रात आबा गेले. दुकानाचं शटर खाली आलं आणि भिंतीपलीकडचा हवेचा आवाज बंद झाला. दहाव्याला एक उंच, वाकलेला म्हातारा मागे उभा होता. पांढरी टोपी, हात मागे बांधलेले. मी ओळखलं ते त्यांच्या करंगळीवरून. ती मोडून तशीच वाकडी जुळली होती. मी जवळ जाऊन म्हणालो की नाना, थंडीत आमची भरीत पार्टी असते, आबा असताना तुम्ही आला नाहीत, या वर्षी या. त्यांनी डोक्यावरची टोपी नीट केली. मग म्हणाले, "येसू."

आणि खरोखर आले. एस्टीनं, खांद्यावर कांद्याच्या पातीची जुडी घेऊन. मळ्यात त्यांना पाहताच जुन्या लोकांनी मिठ्या मारल्या आणि टीममधल्या आत्ताच्या खेळाडूंत एकच गलका झाला. चाळणी आला! दंतकथेतला माणूस पायी चालत आला होता. एजंट तर हात चोळत होता. "इतकी वर्षं आपण उगाच दुय्यम लोकांवर वाद घातला," तो म्हणाला. "आज निकाल लागणार."

नाना पात निवडत बसले होते. एजंटनं त्यांना खटल्याचे नियम समजावून सांगितले. आरोपी समोर हवा. जो हजर नाही त्याचं नाव घ्यायचं नाही.

"हाऊ नियम कोणी करा?" नानांनी विचारलं.

"आबांनी. तुम्ही गेलात ना, त्याच वर्षी. तुमचं नाव निघालं आणि आबांनी असा पंजा उभा केला. तेव्हापासून कुणाची हिंमत झाली नाही तुमचं नाव घ्यायची."

नानांचे हात थांबले. निवडलेली पात त्यांनी एका बाजूला सारखी करून ठेवली, मग परत निवडायला घेतली.

वांगी सोलून झाली. खटला उभा राहिला. एजंटनं धुळ्याची फायनल अशी रंगवून सांगितली की जणू तो तिथं होता. बॉल येतो, नाना वाकतात, नाना उठतात, आणि नाना बॉलला वाट करून देतात, जावईबापू आले जणू! हशा झाला. नानाही हसले. आबांचं काम करायची वेळ हीच होती. मी उभा राहिलो.

"थांबा," मी म्हणालो. "मला आबांविषयी सांगायचंय. त्यांनीच सांगायला लावलंय. त्या मॅचमध्ये आबांनी..."

नानांनी पंजा उभा केला. उजवा हात, बोटं पसरलेली, करंगळी एकीकडे वाकलेली.

"हजर शे का तो?"

बडगीतला ठोका थांबला.

"नाना, पण ते आबांनी स्वतः..."

"तो हजर शे का?" त्यांनी पुन्हा विचारलं. आवाज चढवला नाही. "नही ना? मंग त्यानं नाव लेवानं नही." आणि सगळ्यांकडे वळून हसत म्हणाले, "मनं नाव ल्या. मी हजर शे."

बाकीच्यांना वाटलं, म्हातारा खेळात रंगलाय. टाळ्या पडल्या. एजंट ओरडला, "मतदान! यशवंतनाना, टीमच्या इतिहासातला सर्वांत वाईट खेळाडू. हात वर!"

भराभर हात वर गेले. नानांनी स्वतःचाही हात वर केला. माझा एकट्याचा खाली होता. नाना माझ्याकडे बघत होते. त्यांच्या नजरेत राग नव्हता, विनवणीही नव्हती. इतकी वर्षं एक गोष्ट गिळून बसलेला माणूस दुसऱ्याला एवढंच सांगत होता की आता तुझी पाळी.

मी हात वर केला.

पहिलं पान नानांना मिळालं. वाढायला आबा नव्हते, म्हणून मी वाढलं. त्यांनी भरीत दोनदा मागून घेतलं आणि संध्याकाळच्या एस्टीनं पिंपळनेरला परत गेले. जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवला तेव्हा ते काहीतरी बोलतील असं वाटलं. ते म्हणाले, "पातले मीठ कमी पडनं."

आबांनी मला एक काम सांगितलं होतं, ते माझ्याकडून झालं नाही. एकदा मी गाडी वळवली आणि एकदा हात वर केला. दोन्ही वेळा समोर एक म्हातारा माणूस होता आणि दोन्ही वेळा मी त्याचं ऐकलं. तरी दुकानात पलीकडच्या भिंतीकडे पाठ करून बसलो की आबा तिकडे उभे आहेत आणि विचारताहेत की सांगं का रे, असं वाटतं.

तुम्ही आमच्या टीमचे नाही. त्या मळ्यात तुम्ही नव्हता, तुमचा हातही वर गेलेला नाही. म्हणून तुम्हाला सगळं सांगून टाकलं. सांगून मी नियम मोडला की नाही, ठाऊक नाही. पण जमला तेवढा मी पाळलाय. नानांचं नाव लिहिलं, कारण ते हजर आहेत आणि त्यांनीच घ्या म्हटलं. आबांना मात्र शेवटपर्यंत आबाच म्हटलंय. पिंप्राळ्यात निम्म्या म्हाताऱ्यांना आबाच म्हणतात. त्यांचं नाव विचारू नका. ते हजर नाहीत.